संध्याकाळी उघडी असणारी खोली

नमस्कार मंडळी.

पत्रिकेवर आजचा विषय ‘जॅझ आणि लोकप्रिय संगीत : नवं काय घडतंय’ असा छापलाय. एवढा विषय तासाभरात मावायचा नाही, आणि सगळ्यातलं थोडं थोडं सांगण्यात मला रसही नाही. नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं लंडनमध्ये काढली. तिथे जे कानावर पडलं, त्यानं माझं ऐकणंच बदललं. म्हणून आज लंडनबद्दल बोलते. मधे मधे गोवा येईल, मुंबई येईल आणि शेवटी आपलं पुणंही येईल. ती ओढूनताणून आणलेली नाहीत. खरोखरच या गोष्टीत आहेत.

सुरुवात एका रात्रीपासून करते. ७ सप्टेंबर २०२३. हॅमरस्मिथचं अपोलो थिएटर. मर्क्युरी पारितोषिक जाहीर होणार होतं. १९९२पासून दर वर्षी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या एका अल्बमला हे पारितोषिक देतात. आधी बारा अल्बमची यादी लागते, मग त्यातला एक निवडतात. त्या वर्षीच्या यादीत आर्क्टिक मंकीजसारखा गाजलेला रॉक बँड होता, रे ही गायिका होती, जेसी वेअर होती. आणि नाव पुकारलं गेलं ते एझ्रा कलेक्टिव्हचं. हा पाच जणांचा बँड. ड्रम्सवर फेमी कोलिओसो, बास गिटारवर त्याचा भाऊ टीजे, कीबोर्ड्सवर जो आर्मन-जोन्स, सॅक्सोफोनवर जेम्स मॉलिसन आणि ट्रम्पेटवर इफे ओगुनजोबी. अल्बमचं नाव ‘व्हेअर आय अ‍ॅम मेन्ट टू बी’.

हे पारितोषिक जॅझच्या बँडला त्याआधी कधीच मिळालं नव्हतं. गंमत अशी, की यादीत जॅझ बहुतेक वर्षी असायचा. १९९३ला स्टॅन ट्रेसी होता, १९९६ला कोर्टनी पाइन, २००३ला सोवेटो किंच. बारातला एक पाट जॅझसाठी मांडून ठेवायचे, पण त्या पानावर वाढायला कुणी यायचं नाही. वर्तमानपत्रं सरळच लिहायची, की हा यंदाचा नावापुरता जॅझ अल्बम. वादकांनाही ते ठाऊक असायचं. एकतीस वर्षं हे असंच चाललं.

फेमी बोलायला उभा राहिला. आधी देवाचे आभार मानले. जॅझचा बँड मर्क्युरी जिंकतो हे पाहूनही ज्याचा देवावर विश्वास बसत नसेल, त्याचा कशानं बसेल, असं तो म्हणाला आणि सभागृह हसलं. मग मात्र त्यानं जे सांगितलं, त्यासाठीच मी आज इथे उभी आहे. तो म्हणाला, आम्ही एका युथ क्लबमध्ये भेटलो. आज तुम्ही जे साजरं करताय, ती काही चांगल्या माणसांनी पोरांना वाजवता यावं म्हणून दिलेल्या वेळाची आणि कष्टांची साक्ष आहे.

पुढच्या बातम्या भराभर सांगते. सप्टेंबर २०२४मध्ये त्यांचा पुढचा अल्बम आला, ‘डान्स, नो वन्स वॉचिंग’. १५ नोव्हेंबर २०२४ला त्यांनी वेम्बली अरीनात कार्यक्रम केला. तिथे बारा हजारांवर माणसं मावतात, आणि ब्रिटनमधल्या कुठल्या जॅझ बँडनं मुख्य बँड म्हणून तिथे वाजवायची ती पहिलीच खेप. मार्च २०२५मध्ये ब्रिट अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या संगीत पुरस्कारांत, वर्षातला सर्वोत्तम बँड म्हणून त्यांचं नाव आलं. त्या गटात त्यांच्यासमोर कोल्डप्ले आणि द क्युअर होते. अमेरिकेतही काही हललं. २०२३च्या ग्रॅमीत नव्या कलाकाराचा सर्वांत मोठा मान समारा जॉय या तेवीस वर्षांच्या जॅझ गायिकेला मिळाला. त्याआधी २०११मध्ये एस्पेरांझा स्पाल्डिंगनं तो जस्टिन बीबरसमोर मिळवला होता. या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मला त्यांच्या मागच्या खोलीत तुम्हाला न्यायचंय.

फेमी जिला युथ क्लब म्हणाला, त्या खोलीचं नाव ‘टुमॉरोज वॉरियर्स’. १९९१मध्ये गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी ती सुरू केली. गॅरी डबल बास वाजवतात. जमैकाचे थोर गिटारवादक अर्नेस्ट रॅंगलिन हे त्यांचे मामा-काका लागतात. म्हणजे घरात सूर होते. १९८०च्या दशकाच्या मध्यात लंडनमध्ये ‘जॅझ वॉरियर्स’ नावाचा मोठा बँड उभा राहिला. कॅरिबियन बेटांतून आलेल्यांची ही मुलं. १९४८मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज टिल्बरीला लागलं, तेव्हापासून जी कुटुंबं येत गेली त्यांची दुसरी पिढी. कोर्टनी पाइन त्यांच्यातलाच. तो बँड गाजला, पण त्यांच्या मागून येणाऱ्या मुलांना शिकायला जागा कुठे होती? संगीत महाविद्यालयाची दारं ज्यांच्यासाठी उघडी होती, त्यांत ही मुलं फारशी नसायची. शिक्षक परवडायचा नाही, आणि वाद्य तर त्याहून परवडायचं नाही.

गॅरींनी कॅम्डेनच्या जॅझ कॅफेमध्ये जॅम सेशन सुरू केलं. ज्याला वाजवायचंय त्यानं यावं. तिथून हळूहळू शिकवणीवर्ग झाले, लहान-मोठे बँड झाले, आणि पुढे थेम्सकाठच्या साउथबँक सेंटरमध्ये कायमची जागा मिळाली. मुलांकडून फी घेत नाहीत. आजही घेत नाहीत. देणग्या आणि अनुदानांवर चालतं, त्यामुळे पैशांची ओढाताण कायमची.

शिकवण्याची पद्धत ऐकाल तर तुम्हाला परकी वाटणार नाही. आधी कान. कागद नंतर. शिक्षक ओळ वाजवून दाखवतो, मुलं ती गाऊन दाखवतात, मग वाद्यावर काढतात. पंचवीस वर्षांचा मुरलेला वादक आणि चौदा वर्षांचा नवखा एकाच खोलीत असतात. मोठा वाजवतो तेव्हा लहान त्याच्या बोटांकडे बघत राहतो. चूक झाली तर कुणी थांबवत नाही, ठेका चालू राहतो आणि पुढच्या फेरीत ती सुधारायची असते. आपल्याकडे गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की तिथे एका वेळी वीस मुलं असतात आणि कुणी कुणाच्या घराण्यातलं नसतं.

आता नावं ऐका. २०१८च्या मर्क्युरीच्या यादीत सन्स ऑफ केमेट, म्हणजे शबाका हचिंग्जचा बँड. २०१९ला सीड अ‍ॅन्सॉम्बल, कॅसी किनोशीचा बँड. २०२०ला ड्रमर मोझेस बॉइड. २०२१ला सॅक्सोफोनवादक नुबाया गार्सिया. चार वर्षं लागोपाठ, चार वेगळी नावं, आणि चौघंही त्याच खोलीतून आलेली. २०२३ची ती रात्र आकाशातून पडली नव्हती. २०१८मध्ये गॅरी क्रॉस्बींना संगीतासाठीचं राणीचं पदक मिळालं. जॅझ वादकाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. बातमी छोटी छापून आली होती. मला ती मर्क्युरीपेक्षा मोठी वाटली, आजही वाटते.

शबाकाबद्दल दोन वाक्यं, कारण त्याचं मला फार वाटतं. २०२३च्या अखेरीस, कीर्तीच्या ऐन भरात, त्यानं सॅक्सोफोन खाली ठेवला. लंडनमधल्या हॅकनीच्या चर्चमध्ये थोर अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही रचना वाजवली आणि बासऱ्या हाती घेतल्या. त्यात जपानची शाकुहाची ही मुख्य. पुढच्या एप्रिलमध्ये आलेला त्याचा अल्बम इतका हळू आवाजातला आहे, की खोलीतला पंखा बंद करून ऐकावा लागतो. ज्या वाद्यानं नाव दिलं ते सोडून, चाळिशीला टेकल्यावर पुन्हा फुंक कशी घालायची इथपासून सुरुवात करायला किती धीर लागत असेल!

कॅसी आणि नुबाया ही नावं घेतली. शीला मॉरिस-ग्रे हे तिसरं. ती ट्रम्पेट वाजवते आणि ‘कोकोरोको’ बँडची प्रमुख आहे. या तिघी योगायोगानं पुढे आलेल्या नाहीत. टुमॉरोज वॉरियर्समध्ये मुलींना मुद्दाम जागा करून दिली जाते. जॅझमध्ये बाईनं गावं आणि पुरुषांनी वाजवावं ही रीत शंभर वर्षांची. ती मोडायची तर मुलगी बारा वर्षांची असतानाच तिच्या हातात ट्रॉम्बोन द्यावा लागतो.

इथे मला थोडं स्वतःचं सांगू द्या. आमच्या गल्लीतल्या देवळात दर गुरुवारी रात्री भजन व्हायचं. मी सात-आठ वर्षांची असेन. मला पखवाजानं वेड लावलं होतं. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात, ती मळून आणायचं काम माझ्याकडे होतं. किती घट्ट मळली की थाप कशी बसते, हे मला बुवांइतकंच कळायला लागलं होतं. माझ्याहून लहान मुलं मांडी घालून पखवाजापुढे बसायची, चुकायची, पुन्हा बसायची. मी एकदा विचारलं. मला टाळ दिले गेले. मुलींनी टाळ घ्यावेत. रागावून नव्हे, अगदी प्रेमानं सांगितलं. मी टाळ घेतले आणि पुढची सहा वर्षं वाजवले. पखवाजावर माझी थाप कधी पडली नाही.

तीसेक वर्षांनी, लंडनमध्ये एका दुपारी, मी त्याच साउथबँक सेंटरमधल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या खालच्या मोकळ्या दालनात उभी होते. तिथे तिकीट नसतं, कुणीही येऊन ऐकावं. शाळकरी वयाच्या मुलांचा बँड वाजवत होता आणि ड्रम्सवर एक मुलगी होती. चौदाची असेल. पाय जेमतेम पेडलला पोचत होते. मधेच तिचा एक ठोका हुकला. बासवाल्या मुलानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हसला, बस. पुढच्या आवर्तनात ती बरोबर समेवर आली. मी तिथे रडले. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, तिची आई असावी.

बरं, आता संगीताकडे येऊ. हे संगीत ऐकायला कसं आहे आणि लोक त्यावर नाचतात का?

फेमी आणि टीजे उत्तर लंडनच्या एन्फिल्डमध्ये वाढले. आई-वडील नायजेरियातले. लहानपणी दोघं चर्चमध्ये वाजवायला लागले. या चर्चमधला ड्रमसेट म्हणजे आपल्या भजनी मंडळातल्या पखवाजासारखा. प्रार्थनेत जोर चढत जातो तसा ठेका चढवत न्यायचा, गाणाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं, आणि तो थांबला की क्षणात थांबायचं. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. दर रविवारी दोन-तीन तास हातांना काम मिळतं.

दुसरी शिकवण आफ्रोबीटची. नायजेरियाचा संगीतकार फेला कुटी १९५८मध्ये लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयात शिकायला आला होता. पुढे नायजेरियात परतून त्यानं जे संगीत घडवलं, ते आफ्रोबीट. त्याचा कणा म्हणजे फेलाचा ड्रमर टोनी अ‍ॅलन. टोनीचे दोन हात आणि दोन पाय चार वेगळ्या माणसांचे असावेत तसे चालायचे. डावा पाय हाय-हॅटवर, म्हणजे पायानं वाजणाऱ्या झांजांच्या जोडीवर, एक बोलणं बोलतोय, उजवा पाय मोठ्या ड्रमवर त्याला उत्तर देतोय, आणि दोघांच्या मधल्या फटीत स्नेअर या छोट्या ड्रमचा हलका ठोका येऊन बसतोय. आवाज कधी मोठा नाही. हा ठेका दहा-दहा मिनिटं चालतो, पण प्रत्येक आवर्तनात कुठेतरी केसाएवढी जागा सरकलेली असते. आपला भजनी ठेका धरणारा जाणकार वादक जे करतो, तेच. वरवर पाहता तेच ते, आणि आत सगळं जिवंत. टोनी अ‍ॅलन २०२०च्या एप्रिलमध्ये गेले. फेमी त्यांच्याकडे शिकला आहे. त्याच्या डाव्या पायाकडे कान द्या, गुरू ऐकू येतात.

यात जमैकन साउंड सिस्टिमचा, म्हणजे नाचासाठी लावतात त्या मोठमोठ्या स्पीकरांच्या भिंतींचा, खोल बास मिसळा. लंडनच्या गल्ल्यांत तयार झालेला ग्राइम हा रॅपचा प्रकार मिसळा. आणि वर ट्रम्पेट-सॅक्सोफोनची जोडी, जी धून एकदम एकत्र फुंकते आणि मग एकेकटी वाट काढत जाते. लोक उभे राहून ऐकतात आणि नाचतात. नव्या अल्बमचं नावच नाचावर आहे.

काही जुने रसिक म्हणतात, हा जॅझ नव्हे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मला ते पटत नाही. १९३०च्या दशकात जॅझ हे नाचाचंच संगीत होतं. आपल्या मुंबईतसुद्धा. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, तो लोकांना नाचवायलाच. १९४०नंतर न्यूयॉर्कच्या वादकांनी गती इतकी वाढवली आणि स्वरांची गुंतागुंत इतकी केली, की माणसं खुर्चीत बसून ऐकायला लागली. त्यातून फार मोठं संगीत निर्माण झालं, त्यात वाद नाही. पण नाचणाऱ्या शरीरापासून जॅझ दूर गेला, आणि तरुण मुलंही दूर गेली. एझ्रा कलेक्टिव्हनं पाय परत आणले. मी वयानं मागच्या रांगेत उभी राहणारी, तरी माझ्या टाचा उचलल्या गेल्या.

आता थोडं मागे जाते, कारण अशी खोली लंडनमध्ये पहिल्यांदा उघडली असं नाही.

जमैकात किंग्स्टनला ‘अल्फा बॉइज स्कूल’ होतं. १८८०ची संस्था. कॅथलिक जोगिणी चालवायच्या. अनाथ आणि उनाड ठरवलेल्या मुलांना तिथे ठेवत, आणि शाळेचा स्वतःचा बँड होता. टॉमी मॅकुक, डॉन ड्रमंड, रिको रॉड्रिग्ज हे सगळे तिथले. म्हणजे स्का या जमैकाच्या नाचत्या संगीताचा अर्धा वाद्यवृंद एका अनाथाश्रमात तयार झाला आणि त्या स्कामधून पुढे रेगे आलं. जो हॅरियट हाही तिथलाच. सॅक्सोफोनवादक. १९५१मध्ये तो लंडनला आला आणि काही वर्षांतच अशा वाटा काढायला लागला, ज्या अमेरिकेत नुकत्या कुठे दिसू लागल्या होत्या. १९६०च्या दशकात कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांच्याबरोबर त्यानं सतार, तबला आणि जॅझ एकत्र आणणारे अल्बम केले.

आणि १९६९मध्ये त्यानं एक अल्बम केला, त्याचं नाव ‘हम दोनो’. यातला दुसरा ‘हम’ कोण? अमान्सिओ डि’सिल्व्हा. जन्म १९३६, मुंबई. कुटुंब गोव्याचं. गिटारवादक. १९६७मध्ये तो लंडनला गेला. त्याच १९६९ साली त्याचा स्वतःचा ‘इंटिग्रेशन’ हा अल्बम आला. त्याची एक रचना आहे, ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’. इतकंच नाही, १९७०च्या दशकात त्यानं ‘कोंकण डान्स’ नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित केला होता. कोंकण! तो तीसहून जास्त वर्षं पडून राहिला. लोकांच्या हाती लागला तेव्हा अमान्सिओ या जगात नव्हता. तो १९९६मध्ये गेला. जो हॅरियट त्याच्याही आधी, १९७३मध्ये, चव्वेचाळीसाव्या वर्षी, हलाखीत गेला. आज लंडनचे तरुण वादक या दोघांची नावं आदरानं घेतात. आपल्याकडे अमान्सिओचं नाव माहीत असलेली माणसं मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. आज इथे आणखी शंभरेकांना माहीत झालं, याचं मला समाधान आहे.

गोव्याचं नाव आलंच आहे तर हेही सांगायला हवं. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळा होत्या. तिथला संगीतमास्तर गावच्या मुलांना सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. हेतू एवढाच, की रविवारी चर्चमध्ये वाजवायला कुणीतरी हवं. त्या मुलांना नोटेशन वाचता येऊ लागलं. ती मोठी होऊन मुंबईत आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली, आणि सिनेमाला वाद्यवृंदाची गरज पडली तेव्हा कागदावरचे स्वर वाचू शकणारे हेच होते. हळदोण्याचे आंतोनियो वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणायचे. सेबॅस्टियन डि’सूझा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये संगीत बघायचे आणि ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. आपण ज्या हिंदी गाण्यांवर वाढलो, त्यांच्यामागचे व्हायोलिनचे ताफे आणि ट्रम्पेटचे तुकडे गोव्यातल्या खेड्यांमधल्या अशा खोल्यांतून निघाले. त्या संगीतमास्तरांपैकी बहुतेकांची नावं कुठे नोंदलेली नाहीत.

म्हणून मला लंडनमधल्या दुसऱ्या बातमीचं फार दुःख होतं. ती बक्षिसांच्या पानावर येत नाही. २०१०नंतर इंग्लंडमध्ये नगरपालिकांचा निधी आटत गेला आणि पहिली कुऱ्हाड पडली ती युथ क्लबांवर. कायद्यानं चालवलाच पाहिजे असा तो खर्च नव्हता. लंडनमधले सुमारे ३० टक्के युथ क्लब २०१० ते २०१९ या काळात बंद पडले. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेनं २०२४मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घराजवळचा क्लब बंद झाला, त्या मुलांचे परीक्षेतले गुण घसरले. १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी वाढलं. आणि हिशेब केला तेव्हा दिसलं, की क्लब बंद करून जेवढे पैसे वाचवले, त्याहून समाजाचं नुकसान जास्त झालं.

हे क्लब म्हणजे काय होतं? एक सभागृह, टेबल टेनिसचं टेबल, कुठे मोडका पियानो, कुठे गाणी रेकॉर्ड करायला दोन मायक्रोफोन. आणि एक मोठा माणूस, जो दर मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी तिथे असायचाच. पोरगं आठवडाभर आलं नाही तर चौकशी करणारा. अशा खोलीतून नवं काही निघायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. १९९१ला उघडलेल्या दाराचं फळ २०१८ ते २०२३मध्ये दिसलं. मग २०१५मध्ये बंद झालेल्या दाराचं काय होतं, ते २०४०मध्ये कुणाला कळणार आहे? जो बँड झालाच नाही, त्याचं नाव यादीत नाही म्हणून कुणी हळहळत नाही. ब्रिट पारितोषिक घेताना फेमीनं पुन्हा हाच धागा धरला. समाजाच्या कितीतरी दुखण्यांवरचा उपाय म्हणजे एखाद्या पोराच्या हातात ट्रम्पेट देणं, सॅक्सोफोन देणं, असं तो त्या झगमगाटात उभा राहून म्हणाला. दोन वर्षांत दोनदा माइक हातात आला, आणि दोन्ही वेळा त्यानं त्या खोलीचंच नाव काढलं.

मगाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, पुण्याचं काय? येते.

सारथी कोरवार. ड्रम्स आणि तबला वाजवतो. जन्म अमेरिकेतला, वाढला अहमदाबाद आणि चेन्नईत. सतराव्या वर्षी पर्यावरणशास्त्र शिकायला पुण्यात आला, आणि इथे राजीव देवस्थळी यांच्याकडे तबला शिकू लागला. मग शास्त्र मागे पडलं. पुढे लंडनला गेला, तिथे संजू सहाय यांच्याकडे शिकला आणि तिथल्या जॅझ मंडळीत मिसळला. २०१६मधल्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये गुजरातच्या सिद्दी समाजाची गाणी आणि ढोल आहेत. आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आलेले सिद्दी आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लंडनकरांचा जॅझ, असं हे वर्तुळ. लंडनमध्ये त्यानं जो बँड उभा केला, त्याचं नाव ‘उपज’. आपण गवयाला दाद देताना म्हणतो ना, काय उपज आहे, तीच. जॅझमध्ये ज्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात, त्यासाठी या मुलाला आपला शब्द पुरेसा वाटला. त्या बँडनं लंडनच्या क्लॅप्टन भागातल्या एका जुन्या चर्चमध्ये वाजवलेला कार्यक्रम अल्बम म्हणून निघाला आहे.

२०१९मध्ये त्याचा ‘मोअर अरायव्हिंग’ आला. ‘आणखी येताहेत’. ब्रिटनमध्ये परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध बोललं जात असताना ठेवलेलं नाव आहे हे. त्यासाठी तो मुंबई आणि दिल्लीच्या रॅपर मुलांकडे गेला. पहिल्याच तुकड्यात मुंबईचा एमसी मवाली आहे. ही मुलं कुठल्या संगीत विद्यालयातून आली नाहीत. चाळीच्या गच्चीवर, स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर, एकमेकांना ऐकवत तयार झाली. त्यांच्या खोलीला छप्परही नव्हतं.

तोच तुकडा आता लावणार आहे. आवाज जरा वाढवायला सांगते. सात मात्रांचा आहे, तीन-दोन-दोन मोजून बघा. मुंबई तिच्या गर्दीसकट येते, आणि तिच्यामागे लंडनचा सॅक्सोफोन. तबल्याची सवय असलेल्यांचा हात आपोआप मांडीवर जाईल, जाऊ द्या. आणि तिथे मागे शाळेच्या गणवेशात बसलेल्या दोन मुली मघापासून बाकावर बोटांनी वाजवताहेत, मी बघतेय. या, पुढे या. इथे टेबलाशी जागा आहे. हे टेबल लाकडी आहे, चांगलं वाजतं.